रविवार हातचा, पाऊस आभाळाचा

मंडळी, शेतकऱ्याला रविवार नसतो. गाईला वार कळत नाही, उभ्या पिकातल्या तणालाही कळत नाही. पण मुलं नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आपल्याही घरांत हा रविवार शिरला. "बाबा, रविवारी बोलू", "आई, रविवारी येतो", असं आठवडाभर चालतं. आठ दिवसांतला तेवढा एकच दिवस त्यांचा. त्यात पाऊस आडवा आला, की घरातलं हसू मावळतं.

गेल्या आषाढात आम्ही दोघं हडपसरला मुलाकडे गेलो होतो. पुरंदरात आमचा वाटाणा पेरून झाला होता, बाजरीही दोन पानांवर आली होती. तरण्या पावसाचे दिवस. रानात वाफसा नव्हता, म्हणून घरात बसून आढं मोजण्यापेक्षा नातवाला भेटून यावं, असा विचार केला. सासवडहून दिवेघाट उतरलो आणि शनिवारी दुपारी मुलाच्या दारात हजर झालो.

घरात मोठी धांदल चालू होती. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरी करतात. त्याची सुट्टी एका दिवशी, तिची दुसऱ्या दिवशी, असा प्रकार. महिन्याभरानं दोघांना मिळून एक रविवार सापडला होता. बेत ठरला होता लोणावळ्याचा. भुशी धरण बघायचं, धबधब्यात भिजायचं, गरम कणसं खायची. नातवानं तर नवी छत्री उशाशी घेतली होती.

मी सहज म्हणालो, "अरे, पण तिकडं पावसाचं कसं आहे?"

मुलगा गॅलरीत गेला आणि वर बघून म्हणाला, "बाबा, आभाळ तर उघडलंय. दोन दिवस नुसती भुरभुर आहे."

आता मला राहवेना. हडपसरचं आभाळ बघून लोणावळ्याला निघायचं, म्हणजे शेजारणीच्या चुलीवरचा धूर बघून आपल्या घरी पाट मांडायचा! पुणे शहरात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्याला पडतो चार हजारांच्या वर. दोन्ही गावांत अंतर पासष्ट किलोमीटरच्या आत. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पुण्याला पोचेपर्यंत हलके होऊन जातात. आमच्या पुरंदराला तर त्यातलंही उरलंसुरलं मिळतं. म्हणून हडपसरला ऊन आणि लोणावळ्याला धो धो, ही गोष्ट एकाच वेळी घडू शकते.

मी मुलाला मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा बघायला सांगितला. पुणे जिल्ह्यासाठी हे खातं दोन वेगळे इशारे देतं, एक शहराच्या बाजूचा आणि एक घाटमाथ्याचा. पोरानं फक्त शहराचा पाहिला होता, तो पिवळा होता. घाटमाथ्याचा नारिंगी होता. हिरवा म्हणजे काही धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब पावलं उचला. ही चार रंगांची बाराखडी आता आपल्या प्रत्येक घरात पाठ हवी.

एवढं झाल्यावर घरात शांतता पसरली. सूनबाई भांडी आवरता आवरता म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर आहे. पण महिन्यात एक दिवस मिळाला होता हो. आम्ही दोघं एका घरात राहतो, पण बोलतो ते दूध आणलं का, फी भरली का, एवढंच." तिचा गळा दाटून आला होता. मुलगा तोंड फिरवून बसला. मला वाटलं, आपण पाहुणे म्हणून आलो आणि पोरांच्या आनंदात माती कालवली.

पण मंडळी, मी गप्प बसू शकत नव्हतो, त्याला कारण होतं. ३० जून २०२४ हा रविवारच होता. याच हडपसर भागातलं एक कुटुंब भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यावर गेलं होतं. सगळे पाण्यात खडकावर उभे होते. वरून पाण्याचा लोंढा वाढला आणि बघता बघता परतीची वाट बंद झाली. एकमेकांना घट्ट धरून ते उभे राहिले, काठावरची माणसं ओरडत राहिली, पण पाण्यापुढं कुणाचं चालेना. एक बाई आणि चार लेकरं, असे पाच जीव गेले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पूल धोक्याचा असल्याची पाटी लावलेली होती. तरी खालचं फेसाळतं पाणी बघायला त्या अरुंद पुलावर गर्दी झाली होती. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. ही सगळी आपल्यासारखीच साधी माणसं. घरच्यांबरोबर चार घटका आनंदात घालवाव्या, एवढाच त्यांचा हेतू.

मी मुलाला २०१९ ची आठवण दिली. २५ सप्टेंबरची रात्र. कात्रजच्या डोंगरावर आणि पुरंदरात पाऊस कोसळला. पुण्यात आंबिल ओढा घराघरांत शिरला. त्या पावसानं वीसहून अधिक माणसं नेली. आणि एरवी उन्हाळ्यात जिच्यात ढोराला पाणी मिळत नाही, ती आमची कऱ्हा पात्र सोडून धावत होती. ओढ्याचा पूर डोक्यावरच्या पावसावर येत नाही, वरच्या अंगाला काय पडलं त्यावर येतो, हे आपल्याकडं गुराख्याच्या पोरालाही कळतं. पण आपली मुलं शहरात वाढली, ओढा त्यांनी पुलावरून पाहिला. हे शहाणपण आपण त्यांच्या गाठोड्यात बांधून द्यायचं विसरलो, ही चूक आपलीच.

शेवटी आमच्या कारभारणीनं तोंड उघडलं. ती सुनेला म्हणाली, "बाय माझे, तुला धबधबा पायजे का नवरा पायजे, ते आधी ठरव. नवरा पायजे तर तो हितं पन हाय."

सूनबाई खुदकन हसली. मुलालाही हसू आवरेना. आणि बेत बदलला. रविवार सोडायचा नाही, फक्त जागा बदलायची. छपराखाली जाऊ.

सकाळी बसनं स्वारगेटला गेलो आणि तिथून रिक्षानं शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा अकाली गेला. त्याच्या नावानं त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. गावोगाव हिंडून लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू गोळा केल्या, त्या वीस हजारांच्या वर भरल्या. राजामहाराजांच्या तलवारी बघायच्या म्हणून आपण जातो आणि समोर दिसतात समया, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी! आपल्याच आजी-पणजीच्या हातातल्या वस्तू, काचेच्या कपाटात मानानं ठेवलेल्या.

नातू आजीचं बोट धरून पुढं आणि आम्ही मागं. हे काय, ते काय, असा त्याचा सपाटा. आमची कारभारीण जन्मात शाळेत शिकवायला गेली नाही, पण त्या दिवशी ती मास्तरीण झाली. अडकित्त्यानं सुपारी कशी कातरायची, समईची वात कशी सारायची, सगळं हातवारे करून सांगत होती. दोन-चार शहरी बायकाही थांबून ऐकायला लागल्या.

पाय घासायच्या वज्रींचं कपाट आलं आणि ती एकदम थांबली. पितळेच्या, नक्षीच्या, वर पाखरं बसवलेल्या वज्री. बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आईकडं अशी एक व्हती. मोराची. बहात्तरच्या दुष्काळात मोडीत घातली. जुंधळं आनलं त्याचं. आई दोन दिस कुनाशी बोलली न्हाई."

मंडळी, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात शंभरदा निघाल्या असतील. खडी फोडल्याच्या, सुकडी खाल्ल्याच्या. पण ही मोराची वज्री मला ठाऊक नव्हती. मी कधी विचारलंच नव्हतं, आणि सांगायला तिला निवांत वेळ कधी मिळाला नव्हता. आम्ही दोघं मिळून बाहेर कुठं गेलो, ते एक जत्रेला, एक लग्नाकार्याला, आणि एकदा तिच्या ऑपरेशनला. मनात आलं, सूनबाईनं काल जे गाऱ्हाणं सांगितलं, ते आपल्या घरात चाळीस वर्षं न बोलता पडून आहे.

तेवढ्यात बाहेर सर आली. मुलगा आणि सूनबाई वरच्या मजल्यावर खिडकीशी उभे होते, नातू आजीकडे होता. दोघं काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, पण दूध आणि फी यांच्याबद्दल नक्कीच नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर सूनबाईनं कांदाभजी केली. नातवानं नव्या छत्रीखाली इमारतीच्या अंगणात डबक्यांत उड्या मारून घेतल्या. त्याचा धबधबा त्याला तिथंच मिळाला!

आता चार गोष्टी कामाच्या. ज्यांची मुलं-सुना पुण्यात आहेत, त्यांनी हा अंक त्यांनाही वाचून दाखवावा.

सहलीचे बेत नेहमी दोन करावेत, एक उघड्यावरचा आणि एक छपराखालचा. म्हणजे ऐन वेळी रुसवा होत नाही. शनिवारी रात्री आणि निघायच्या आधी पुन्हा एकदा इशारा पाहावा. तो आपल्या घराचा नव्हे, जिथं जायचं तिथला, आणि घाटाकडं जायचं असेल तर घाटमाथ्याचा. नारिंगी किंवा लाल असेल तर पाण्याकडं जायचं नाही, त्यात घासाघीस नको.

वाटेत पाणी लागलंच तर काठावरून बघावं. आमची कारभारीण म्हणते तसं, पाणी बघायला जायचं आणि पाण्यात जायचं, यात फरक आहे. स्वच्छ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की वरून लोंढा येतोय असं समजावं. सामान राहू द्यावं, लेकरं उचलावी आणि वर सरकावं. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नये, बंदीची पाटी ओलांडू नये, जुन्या पुलावर घोळका करू नये.

विजेसाठी 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर ठेवावं. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते तयार केलं आहे. आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सूचना देतं. सहलीला जाणाऱ्यांना ते जेवढं उपयोगी, तेवढंच रानात काम करणाऱ्या आपल्यालाही.

शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणून एक जागा आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून हे नाव पडलं. पुढं मुख्यालय दिल्लीला गेलं. पण शेतीचं हवामान बघणारा विभाग १९३२ साली पुण्यातच सुरू झाला, आणि १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी येऊ लागली. जे खातं आपल्याला फवारणी कधी करावी ते सांगतं, तेच पोरांना सहलीला जावं की नाही तेही सांगतं. अंदाज कधी चुकतोही, मान्य आहे. पण चुकलेल्या अंदाजानं फार तर एक सहल हुकते.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. शहरातल्या जोडप्याचा रविवार पाऊस हिरावून नेतो, पण आपल्याला तोच पाऊस रविवार देऊन जातो. झड लागली, वाफसा नाही, औत चालत नाही, असा दिवस उगवला की आपण आभाळाला शिव्या देत ओट्यावर बसतो, नाहीतर पारावर जाऊन पत्ते कुटतो. त्याऐवजी तो दिवस घरधनिणीला द्यावा. गुरांची वैरण-पाणी दोघांनी मिळून उरकावी. जवळच्या देवाला जावं, तिच्या माहेरी जावं, नाहीतर चुलीपुढं बसून शेंगा भाजाव्या आणि तिला विचारावं, तुझ्या आईकडं काय काय होतं?

गावी परतताना दिवेघाटात पुन्हा सर आली. एसटीची खिडकी गळत होती. कारभारीण पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "अवो, पुढच्या झडीला कुठं जायचं?"

मी म्हटलं, "तू सांग."

ती विचारात पडली. चाळीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.