कात्रीचे हात

शिरूरहून दौंडला घरी जाताना एसटीच्या खिडकीत मला हमखास एडवर्ड आठवतो. टिम बर्टनच्या १९९० च्या ‘एडवर्ड सिझरहँड्स’मधला जॉनी डेप! खरे हात बसवण्याआधीच त्याला घडवणारा म्हातारा गेला, म्हणून बोटांच्या जागी कात्र्या. मन मात्र लोण्यासारखं. झाडं छाटतो, केस कापतो तोवर कॉलनीचा लाडका. गडबड झाली की राक्षस.

दौंडला आमच्या गल्लीतही असा एक होता. कुणाशी बोलायचा नाही, पण सगळ्यांच्या सायकली फुकट दुरुस्त करायचा. एकदा माझी सायकल गायब झाली. मी सरळ त्याचं नाव घेतलं. दोन दिवसांनी ती स्टेशनच्या स्टँडवर सापडली. मीच विसरलो होतो.

सॉरी म्हणायचं राहूनच गेलं. कात्र्या नेमक्या कुणाच्या हातात होत्या, सांगा बघू?