मण्यांचे दागिने ओवण्याचा छंद

फावल्या वेळाचा सदुपयोग कसा करावा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें नेहमींच असतो. अलीकडे पुष्कळ घरांतून कांचेचे बारीक मणी ओवून हातांतील पट्ट्या, कर्णफुलें व गळ्यांतील माळा करण्याचा छंद दिसूं लागला आहे. ह्या छंदाविषयीं दोन तऱ्हेचीं मतें आमच्या कानांवर येतात. कोणी म्हणतात, हें नटण्यामुरडण्याचें वेड असून त्यांत अभ्यासाचा वेळ फुकट जातो. कोणी अगदीं उलट टोकास जाऊन म्हणतात, "करतेच आहेस, तर चार दागिने विकून पैसे तरी मिळव." आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत, कां, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, मणी ही क्षुल्लक वस्तु नव्हे. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं सिंधुसंस्कृतींतील कारागीर तांबड्या अकीकाचे लांबट मणी घडवीत, आणि ते थेट इराकांतील ऊर नगरापर्यंत पोंचत. तेथील राजघराण्याच्या थडग्यांत ते सांपडले आहेत. १९३५-३६ सालीं चन्हूदडो येथें व पुढें गुजराथेंतील लोथल येथें मणी करण्याच्या कार्यशाळाच उत्खननांत मिळाल्या. खंबायतेस हा धंदा अद्यापि चालूं आहे. रतनपूर भागांतील खाणींचा दगड तापविला म्हणजे त्याचा तांबडा रंग खुलतो; मग तो फोडून, घांसून, हिऱ्याचें टोंक बसविलेल्या सामत्यानें त्यास भोंक पाडतात. कांचेच्या मण्यांची कथाही अशीच आहे. पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथें १९४५ सालीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं उत्खनन केलें. तेथें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कांचेची पोकळ नळी ओढून व तिचे बारीक तुकडे करून मणी केले जात. त्याच जातीची कृति आंध्रांतील पापनायडूपेट येथें विसाव्या शतकांतही जिवंत होती. इंग्रजी भाषेंत मण्यास 'बीड' म्हणतात. तो शब्द मुळांत 'प्रार्थना' ह्या अर्थाचा. जपमाळेवर प्रार्थना मोजतां मोजतां प्रार्थनेचें नांव मण्यास चिकटलें.

आमच्या महाराष्ट्रांत मंगळसूत्राची काळी पोत जशी हिंदु घरांत आहे, तशीच ती अनेक मराठी ख्रिस्ती घरांतही आहे. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ हे दागिनेही सोन्याच्या मण्यांचेच. ते रेशमांत गांठविणारे पटवेकरी पिढ्यान् पिढ्या हा धंदा करीत आले. तेव्हां मणी ओवणें म्हणजे बायकी काम, असें म्हणून मुलग्यांनीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. रुखवतांत मांडलेलीं मण्यांचीं तोरणें, किंवा दुधाच्या भांड्यावर घालावयाचे, कडेस मणी लावलेले जाळीचे रुमाल ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही कला परकी वाटणार नाहीं.

आतां ह्या छंदापासून शिक्षण काय मिळतें तें पाहूं. बारीक मण्यांचा आकार अंकांनीं सांगतात, व अंक जसा वाढतो तसा मणी लहान होतो. आठ नंबरचा मणी सुमारें ३ मिलिमीटरांचा, तर अकरा नंबरचा सुमारें २ मिलिमीटरांचा असतो. अकरा नंबरचे १८ मणी एका इंचांत बसतात असें धरलें, तर ७ इंचांच्या एका ओळीस १२६ मणी लागतात, व १० ओळींच्या पट्टीस १,२६०. नक्षी आधीं चौकटीच्या कागदावर काढावी लागते. तिसऱ्या ओळींत एक मणी चुकला, तर पुढें सारी नक्षी वांकडी होते, आणि तेथपर्यंत उसविण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. परीक्षेंतील चूक शिक्षक तांबड्या शाईनें दाखवितो. येथें ती ज्याची त्यालाच दिसते, व तिच्याशीं वाद घालतां येत नाहीं. शिवाय ज्यानें आठ दिवस बसून एक पट्टी पुरी केली, त्यास दुसऱ्याच्या हातच्या कामाची किंमत कळूं लागते. दुकानांतील दागिना पाहून हांव वाटण्याआधीं, हा कसा केला असेल, हा विचार त्याच्या मनांत येतो. नटण्याच्या वेडावर ह्याहून चांगला उतारा आम्हांस ठाऊक नाहीं.

साहित्याविषयीं दोन शब्द. आरंभीं दोन रंगांचे मणी, बारीक सुई, नायलॉनचा पक्का दोरा व मणी पसरण्यास एक पांढरें फडकें एवढें पुरे. साधा सुती दोरा कांचेच्या धारेनें लवकर झिजतो. घरांतील तुटक्या माळांचे मणी आधीं वापरावे. मोबाइलवर पाहून रोज नवी खरेदी करूं नये. काम दिवसाच्या उजेडांत करावें व मधून मधून डोळ्यांस विसावा द्यावा. घरांत रांगतें मूल असल्यास मणी झांकणाच्या डब्यांत ठेवावे.

राहिला विक्रीचा प्रश्न; आणि आमचा खरा आक्षेप येथेंच आहे. समजा, एका मुलीनें सहा तास बसून पट्टी केली, साहित्यास ६० रुपये लागले, व शाळेच्या आनंदमेळ्यांत ती १५० रुपयांस विकली. घरीं सर्वांस वाटतें, ९० रुपये नफा झाला. तासास अवघे १५ रुपये पडले, हें कोणी पाहत नाहीं. त्या मुलीच्या डोक्यावर आईबापांचें छप्पर आहे. तिचें १५ रुपयांत भागतें. परंतु त्याच गांवांत अशाच पट्ट्या करून घर चालविणारी एखादी बाई असते. तिनें रास्त भाव सांगितला कीं, गिऱ्हाईक म्हणतें, "शाळेंतल्या पोरी दीडशेंत देतात." आमच्या मौजेपायीं दुसऱ्याच्या ताटांतली भाकर कमी होते, व आम्हांस त्याचा पत्ताही नसतो.

कोणी म्हणेल, गरीब घरच्या मुलीस चार पैसे मिळाले तर त्यांत वाईट काय? कांहींच वाईट नाहीं. परंतु जेथें गरज आहे तेथें तो छंद नव्हे, तें काम आहे. आणि कामाचा पुरा मोबदला मागण्यास तिला शिकविलें पाहिजे. साहित्य किती लागलें व तास किती गेले, हें वहींत मांडून मग किंमत सांगावी. ती किंमत कोणी देत नसेल, तर ती वस्तु बहिणीस किंवा मैत्रिणीस भेट द्यावी. भेट दिल्यानें कोणाच्या पोटावर पाय येत नाहीं. पडत्या भावानें विकल्यानें मात्र येतो.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांच्या ह्या छंदास त्यांनीं हंसूं नये व त्याचें दुकानही करूं नये. शाळांसही एक सूचना करावीशी वाटते. हस्तकलेच्या प्रदर्शनांत प्रत्येक वस्तूपाशीं किंमतीच्या चिठ्ठीऐवजीं, ती करण्यास किती तास लागले, ह्याची चिठ्ठी ठेवावी. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक पट्टी करून पाहा, आणि तिच्या तासांचा हिशेब प्रामाणिकपणें लिहून ठेवा. पुढच्या खेपेस बाजारांत हातची वस्तु घेतांना घासाघीस करण्यापूर्वीं तो हिशेब एकदां आठवा.