बोहारणीचा हिशेब

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर ओसरू लागला तेव्हा सांगलीत मदतीचे ट्रक येऊ लागले. आलेले कपडे निवडण्यासाठी आम्ही काही प्राध्यापक विद्यार्थ्यांसह बसलो होतो. चांगले कपडे होतेच. पण बटणे तुटलेले सदरे, विटलेले परकर, विरलेल्या साड्याही होत्या. एका बाईंनी एक साडी उलगडली, फाटका पदर पाहिला आणि घडी घालून ती जागेवर ठेवली. "ताई, हे नेसून मी दारात कशी उभी राहू?" एवढेच त्या म्हणाल्या. आपण ज्याला दान म्हणतो त्यात घरातली अडगळ किती असते, हे त्या दिवशी मला उमगले.

वस्त्राला दुसरे आयुष्य असते, हे आपल्याला नवे नाही. साताऱ्याच्या पेठांतून दुपारी बोहारणीची हाक येई. दोन पातळांवर पातेले द्यायचे की नुसते भांडे, यावर तासभर घासाघीस चाले. ती कापडाचा पोत चाचपून पाही, उसवलेली शिवण नेमकी हेरी. जे नेसण्याजोगे नसे त्याची घरी वाकळ होई. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार करीत नसे. दोन्ही बाजूंना आपापला हिशेब होता.

इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमने १९४० च्या दशकाच्या अखेरीस दान आलेल्या वस्तूंचे दुकान काढले, त्याचे मर्म मला येथेच दिसते. किंमत थोडी का असेना, ती मोजणारा माणूस याचक राहत नाही, गिऱ्हाईक होतो. आपल्याकडे १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज'नेही वेगळ्या वाटेने हेच साधले. गावकरी विहीर, रस्ता, बंधारा अशी आपल्याच गावाची कामे करतात आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घेतात.

मात्र जुन्या कपड्यांविषयीचा संकोच केवळ खोट्या प्रतिष्ठेचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या समाजात उतरलेली वस्त्रे कोणी द्यायची आणि कोणी अंगावर घालायची, हे जातीने ठरत आले. ज्यांचे बालपण साताऱ्यात गेले त्या बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले, ते याच जाणिवेतून. ज्यांच्यावर जुने लादले गेले त्यांना पर्यावरणासाठी जुने घाला, असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आरंभ करायचा तर तो ज्यांची कपाटे भरली आहेत त्यांनी करावा.

एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी खर्ची पडते असे मानतात. माण-खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांचे शेजारी असलेल्या आपल्याला या आकड्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. पण हे पाणी वाचते केव्हा? आपण जुना कपडा दिला की नव्हे, तर कोणीतरी नव्याऐवजी तो घेतला की. कपाट रिकामे करून त्याच संध्याकाळी खरेदीला निघणारा दाता पर्यावरणाचे काही भले करीत नाही. तो फक्त नव्यासाठी जागा करतो.

गंमत अशी, की जुन्या पुस्तकाच्या बाबतीत आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना कसलाच संकोच वाटत नाही. आतल्या पानावर कोणा अनोळखी माणसाची सही असलेली पहिली आवृत्ती रद्दीच्या दुकानात सापडली, तर आम्ही ती मित्रांना कौतुकाने दाखवतो. तीच दृष्टी वस्त्राकडे का जाऊ नये?

सातारा-सांगलीसारख्या शहरांत कपडे धुऊन, निवडून, किंमत लावून विकणारी अशी दुकाने चालायला हवीत आणि त्यांच्या दारात मध्यमवर्ग दोन्ही हेतूंनी दिसायला हवा. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे: जे मी स्वतः विकत घेऊन नेसणार नाही, ते द्यायचे नाही. नियम केल्यावर कपाट उघडले, तेव्हा देण्याजोगे फारच थोडे निघाले. बोहारीण हे पहिल्या नजरेतच सांगती.