फायरवॉल बंद करणं ही दुरुस्ती नव्हे

घरातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फोल्डर शेअर होत नाही, असा फोन आला की मी आधी विचारतो : माझ्याआधी कोणी येऊन गेलं का, आणि त्यानं काय काय बंद केलं? मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘फायरवॉल ऑफ करून दिली, पासवर्ड काढून टाकला.’ आमच्या धंद्यातली ही सवय मोडली पाहिजे. अशानं कधीकधी फोल्डर उघडतो, हे खरं. पण त्याच्यासोबत अख्खं घर उघडं पडतं, ते कोणी सांगत नाही.

इंदिरानगरमधलं एक घर सांगतो. वडिलांचा विंडोज ७ चा जुना पीसी, त्यावर मुलानं काढलेल्या लग्नांच्या फोटोंचा साठा. मुलाचा लॅपटॉप नवा, विंडोज ११ चा. लॅपटॉपवरून पीसीतला फोल्डर उघडत नव्हता. आधी येऊन गेलेल्यानं पीसीची फायरवॉल बंद केली होती, लॅपटॉपवर एसएमबी-१ चालू केलं होतं आणि पीसीचा सगळा डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकला होता. एवढं करूनही फोल्डर उघडेना.

मी दोन्हीकडे ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड चालवून नेटवर्कवरचे पत्ते पाहिले. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होत होता, पीसीचा १९२.१६८.० नं. फायबरवाल्यानं बसवलेल्या डब्याचं वायफाय वेगळं आणि त्यापुढे घरच्यांनी लावलेल्या राउटरचं वेगळं. लॅपटॉप पहिल्यावर, पीसी दुसऱ्याच्या आड. इंटरनेट दोन्हीकडे नीट चालत असल्यामुळे नेटवर्क दोन आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, दोघं एका नेटवर्कवर आले. मग आधी उघडलेलं सगळं पुन्हा बंद केलं, फोटोंचा एकच फोल्डर शेअर केला आणि काम झालं. बिघाडाचा आणि फायरवॉलचा काडीचा संबंध नव्हता.

आता आधीच्यानं चालू केलेल्या एसएमबी-१ बद्दल. एसएमबी ही विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत. तिची पहिली आवृत्ती म्हणजे एसएमबी-१. तिच्यातल्या एका छिद्रावर मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांना १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामनं गाठलं. सुमारे दीडशे देशांत कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. बळी पडलेल्यांत विंडोज ७ चे कॉम्प्युटर सर्वाधिक होते. ही लागण पसरायला कोणाला लिंकवर क्लिकही करावं लागलं नाही. एक कॉम्प्युटर सापडला की तो नेटवर्कवरच्या शेजाऱ्याला गाठायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनं नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ बसवून देणं थांबवायला सुरुवात केली. आणि विंडोज ७ ला त्याची गरजच नाही, त्याला एसएमबी-२ येतं. एसएमबी-१ शिवाय अडतं ते विंडोज एक्सपीचं आणि काही जुन्या स्कॅनर-प्रिंटरचं.

‘घरात आपणच तर आहोत,’ असं लोक म्हणतात. पण त्याच वायफायवर टीव्ही असतो, कॅमेरा असतो, पाहुण्यांचे फोन असतात, आणि दिवसभर कॉलेजच्या नेटवर्कवर फिरून आलेला लॅपटॉपही असतो.

मग करायचं काय? क्रमानं जायचं. पहिलं, दोन्ही कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत का? पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. गेस्ट वायफायवर असाल तर ते बहुतेकदा आतल्या यंत्रांना एकमेकांशी बोलूच देत नाही. दुसरं, विंडोजनं घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय की ‘प्रायव्हेट’? पब्लिकवर शेअरिंग बंद असतं. प्रायव्हेट करा आणि फाइल शेअरिंगला परवानगी द्या. फायरवॉल शेअरिंगचं दार तेवढं उघडते, बाकीची बंद ठेवते. तिसरं, नावानं सापडत नसेल तर दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन आयपी पत्ता टाकून पाहा. त्यानं उघडलं, तर अडचण फक्त नाव शोधण्यात आहे.

सर्वांत जास्त गाडी अडते ती पासवर्डवर. रोज ज्या पिननं लॅपटॉप उघडतो तो पिन त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यालाही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. विंडोज ११ प्रो च्या २०२४ च्या २४एच२ आवृत्तीनं तर पाहुणा म्हणून पासवर्डशिवाय दुसऱ्या यंत्रात शिरणं मुळात बंदच ठेवलंय. म्हणून पासवर्ड काढायचा नाही, द्यायचा. ज्या पीसीत फोल्डर आहे त्यावर एक साधं वेगळं खातं बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि त्या खात्याचं नाव व तोच पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका.

शेवटी परवानग्या. त्या दोन जागी असतात, ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’मध्ये. सोसायटीच्या गेटवर सोडलं म्हणून फ्लॅटचं दार उघडत नाही, तसंच हे. दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. त्या नव्या खात्याला दोन्हीकडे नेमकी परवानगी द्या, अख्ख्या ड्राइव्हला ‘एव्हरीवन’ नको.

याला वेळ लागतो. ग्राहकाला घाई असते, दुरुस्तीवाल्याला पुढचं घर गाठायचं असतं आणि पैसे फेरीचे मिळतात, विचाराचे नाही. हे मी रोज पाहतो. तरीही लोकांच्या आयुष्यभराचे फोटो आणि हिशेब ज्या यंत्रात आहेत, त्याची कुलपं काढून मोकळं होणं मला मान्य नाही. आयटीआयपासून गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत सगळीकडे हा तपासायचा क्रम हातानं करून घेतला पाहिजे.

वाचकांनीही एक करावं. दुरुस्तीवाला उठण्याआधी त्याला विचारा, ‘काय काय बदललंत?’ आणि ते बिलावर लिहून घ्या. ‘फायरवॉल बंद, एसएमबी-१ चालू’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करायची वेळ आली, की बरेच जण पुन्हा बसून खरं कारण शोधतील.