सोनोग्राफी काय फक्त पोटाचीच?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे गरोदर बाई आठवते, नाहीतर सील ठोकलेलं मशीन. त्याला कारणही तसंच आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८०७ च! तेव्हा कायदा सैल करा असं मी मेलो तरी म्हणणार नाही.

पण माझी भाची आयसीयूत डॉक्टर आहे. ती सांगते ते ऐका. व्हेंटिलेटरवर श्वास यंत्र ओढतं, त्यामुळे छाती-पोटामधला पडदा (डायफ्राम हो) बसून बसून झिजतो. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात १८ ते ६९ तासांतच त्याच्या तंतूंच्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून घटलेलं दिसलं. अशा पेशंटची नळी काढली की तो धापा टाकतो, पुन्हा नळी. घरचे बाहेर बाकावर. किल्लारीहून लातूरला नेलेल्या माणसाचे असे चार दिवस वाढले की सोयाबीनची सगळी पट्टी त्यातच जाते.

सोनोग्राफीचा प्रोब बरगडीपाशी टेकवला की पडदा श्वासागणिक किती जाड होतो, किती हलतो ते खाटेवरच दिसतं. एक सेंटिमीटरही हलत नसेल तर तो अशक्त समजतात. अर्धा ते दोन तास पेशंटला स्वतःच्या श्वासावर ठेवून बघायची चाचणी लागतेच, ती काही सुटत नाही. पण त्यात तो दमला तर पडद्यामुळे, फुफ्फुसातल्या पाण्यामुळे की हृदयामुळे, याचा अंदाज तरी येतो.

मग अडतं कुठे? कायद्याला पोट आणि छाती सारखीच. गर्भ दिसू शकेल असं प्रत्येक यंत्र नोंदवायचं, चालवणाऱ्याची पात्रताही ठरलेली. कागदात खोट निघाली की सील. या धास्तीने काही ठिकाणी आयसीयूवाले मशीनच्या वाटेला जात नाहीत. खरं तर नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात, दाखल पेशंटसाठी हलतं मशीन वापरायला नियमांनी २०१२ पासून मुभा दिली आहे. म्हणजे 'कायदा आडवा येतो' ही निम्मी सबबच!

उरलेली निम्मी अडचण मात्र खरी आहे, आणि ती सरकारने काढावी. आयसीयूच्या डॉक्टरांना छाती-हृदयापुरतं वेगळं प्रशिक्षण द्या, तिथल्या मशीनची वेगळी नोंद ठेवा. ते मशीन कुणी लिंग बघायला वापरलं तर आज आहे तीच शिक्षा, एक दिवसही कमी नको.