निवेदन, फोटो आणि पथारीवरची मिरची

आमच्याकडच्या पेपरात स्थानिक पानावर एक फोटो ठरलेला असतो. मध्ये साहेब, कधी कलेक्टर तर कधी पालकमंत्री. त्यांच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा माणसं, आणि एकच कागद चार-पाच जणांनी मिळून धरलेला. खाली ओळ : 'विविध मागण्यांचे निवेदन सादर.' माणसं बदलतात, साहेब बदलतात. कागद मात्र तोच असावा अशी मला दाट शंका आहे. :-)

मंडळी, व्यापारी संघटनांची टिंगल करायला हे लिहीत नाहीये. टिंगल करायची तर घरापासूनच सुरुवात करावी लागेल. आमचे नाना (माझे सख्खे काका) नंदुरबारात मिरचीच्या व्यापारात, आणि संघटनेच्या कुठल्या ना कुठल्या समितीवर गेली कित्येक वर्षं. दुकान मुलावर सोडून हा माणूस स्वतःच्या खर्चाने नाशिकला मीटिंगला जातो, वर घरी आल्यावर काकूची बोलणी खातो. नाना हे वाचणार आहेत, हे धरूनच लिहितेय. आमचा वाद जुना आहे. इथे फक्त जरा सविस्तर.

माझं म्हणणं असं, की संघटनेचं खरं काम फोटोत दिसत नाही आणि बंदमध्येही दिसत नाही. ते असतं नियमातल्या एखाद्या ओळीत. ती ओळ कोणीतरी आधी लिहून न्यावी लागते. आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या जिल्ह्यातून ती लिहून जात नाही. मग वर्षानुवर्षं आपण 'आमच्यावर अन्याय' हे एकच वाक्य सादर करत राहतो.

थोडा इतिहास. मुंबईत इंग्रज व्यापाऱ्यांची बॉम्बे चेंबर १८३६ पासून होती. देशी व्यापाऱ्यांची इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ मध्ये आली. पण दोन्ही मुंबईच्या. मुंबईबाहेरच्या मराठी मुलखातल्या व्यापाऱ्या-कारखानदाराने बोलायचं कुठून? म्हणून वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर काढली. तीच आजची महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अ‍ॅग्रिकल्चर. (पुण्याची मराठा चेंबर वेगळी, ती १९३४ ची, आ. रा. भटांच्या पुढाकाराची. दोघींची इंग्रजी आद्याक्षरं इतकी सारखी की मी पुण्यात राहत असूनही नाना कुठल्या चेंबरबद्दल बोलतायत हे दर वेळी विचारावं लागतं.) पुढच्या वर्षी, २०२७ ला वगैरे, शंभरीचे समारंभ होतील तेव्हा वालचंदांच्या जहाजांबद्दल आणि विमानांबद्दल भाषणं होतीलच. मला त्यातली ती मूळ कल्पना जास्त आवडते : मुंबईबाहेरच्या माणसाला मुंबईत तोंड असावं.

आता ते तोंड आमच्यासाठी काय बोलतं, किंवा आम्ही त्याला काय बोलायला देतो, ते बघू.

ज्यांनी नंदुरबार पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मिरचीच्या हंगामात गावाबाहेर मोकळ्या रानांत लालभडक गालिचे पसरलेले दिसतात. त्याला आमच्याकडे पथारी म्हणतात. शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतो, लिलाव होतो, व्यापारी ती विकत घेऊन पथारीवर टाकतो. साधारण तीन-चार किलो ओल्या मिरचीची सुकून किलोभर होते. ती उलथायची, निवडायची, देठ खुडायचे. हे काम मुख्यतः बायका करतात, आजूबाजूच्या गावांतल्या, बहुतेक आदिवासी. संध्याकाळी घरी जाऊन लेकराला हात लावायच्या आधी किती वेळा हात धुवावे लागत असतील याचा विचार मी लहानपणी कधी केला नव्हता, आणि नानांच्या पथारीवर तर मी सुट्टीत खेळायला जायचे.

गुंटूरनंतर आपलाच बाजार, असं आमच्याकडे छाती फुगवून सांगतात. पण सगळा डोलारा आभाळाच्या भरवशावर. थंडीच्या तोंडाशी अवकाळी आला की पथारी भिजते, मिरची काळी-पांढरी पडते, भाव कोसळतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीला उत्तर महाराष्ट्रात गारा-पाऊस झाला तेव्हाही हेच. आणि मग निवेदन : 'व्यापाऱ्यांना नुकसानभरपाई मिळावी.'

नाना, मला सांगा, हे कुठल्या खात्याने कुठल्या नियमाखाली द्यायचं? शेतातल्या पिकाचा पंचनामा करायला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात. पथारीवरची मिरची शेतकऱ्याची राहिलेली नाही, म्हणून ती पीक नाही. गोदामात नाही, म्हणून साठाही धड नाही. ती दोन खात्यांच्या मधल्या फटीत वाळत पडलेली असते. साहेब निवेदन हसून घेतात ते उगाच नाही. त्यांना माहीत असतं की याला फाईलच नाही.

आधार शोधायचाच तर सापडतो. केंद्राच्या पीक विमा योजनेत २०१६ पासून एक तरतूद आहे : काढणीनंतर शेतात वाळत पसरलेलं अधिसूचित पीक १४ दिवसांपर्यंत अवकाळी पावसापासून संरक्षित धरता येतं. म्हणजे 'वाळत घातलेला माल' ही कल्पना सरकारला अपरिचित नाही. (महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून हे जोड-संरक्षण काढून टाकलं, तो वेगळा राग.) २०२१ च्या महापुरानंतरच्या पॅकेजमध्ये दुकानदारांना कमाल ५० हजार आणि टपरीवाल्यांना १० हजार मिळाले होते. म्हणजे व्यापाऱ्याला कधीच काही देत नाहीत असंही नाही. ही दोन उदाहरणं जोडून निवेदन गेलं असतं तर निदान कोणाला तरी नकाराचं कारण लिहावं लागलं असतं.

तरीही भरपाई ही मागणीच मला पटत नाही. भाव चढले तर नफा आपला आणि पाऊस आला तर तोटा सरकारचा, हे शेजारपाजारच्या कोरडवाहू शेतकऱ्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणायचं? मागायचं तर छप्पर मागा. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत समूह विकासाच्या योजना चालतात. छोट्या उद्योगांनी एकत्र येऊन कंपनी काढायची, अहवाल करायचा, आपला वाटा भरायचा, आणि सामायिक सुविधा केंद्र उभं करायचं. त्यात छपराखालचं वाळवण, ड्रायर, आणि हो, त्या बायकांसाठी पाणी आणि बसायला सावली, सगळं मागता येतं. पण याला दोन वर्षं कागद रंगवावे लागतात. निवेदनाला एक सकाळ पुरते.

तुम्ही म्हणाल, कागद रंगवून काही होतं का? होतं. बेदाण्याचं बघा. द्राक्ष शेतमाल, पण वाळवून बेदाणा केला की ५ टक्के जीएसटीची बाब. मग शेतकऱ्याने स्वतः बेदाणा करून विकला तर कर लागू की नाही? वर्षानुवर्षं संभ्रम. शेवटी २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत स्पष्ट झालं, की शेतकऱ्याने विकलेला बेदाणा आणि काळी मिरी यांवर जीएसटी नाही. एक ओळ. त्यात बेदाण्याचं नाव आहे, मिरीचं नाव आहे. आमच्या मिरचीचं नाही.

आता आमची ओली मिरची करमुक्त आणि सुकी ५ टक्क्यांत. व्यापारी वाळवतो तिथवर प्रश्न नाही. पण उद्या शहाद्या-तळोद्याच्या शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर मिरची वाळवून विकायचं ठरवलं, जे खरं तर त्याच्या फायद्याचं आहे, तर? तत्त्व बेदाण्याचंच, पण बाजारात तत्त्वाने माल उचलला जात नाही, परिपत्रकातल्या शब्दाने उचलला जातो. तो एक शब्द वाढवून मागायला काय लागतं? एक चांगलं पत्र, आणि ते योग्य समितीपुढे वेळेवर ठेवणारा माणूस.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. जुलै २०२२ मध्ये पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-पिठावर ५ टक्के कर आला. १६ जुलैला देशभर व्यापाऱ्यांनी बंद पाळला, घोषणा झाल्या. १८ तारखेला कर लागू झालाच. फरक कशाने पडला? आदल्या दिवशी आलेल्या खुलाशातल्या एका आकड्याने : २५ किलोपेक्षा मोठ्या पॅकिंगवर कर नाही. मग काय, बाजारात २६ आणि ३० किलोच्या गोण्या आल्या! बंद कोणाला आठवतही नाही, गोण्या अजून आहेत.

समित्यांबद्दल एक-दोन गोष्टी. रेल्वेच्या प्रत्येक विभागाला प्रवासी-व्यापाऱ्यांची सल्लागार समिती असते आणि तीत व्यापारी संस्थांच्या प्रतिनिधींना जागा असते. नंदुरबार स्टेशन पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतं. म्हणजे आमच्या मालधक्क्याचं गाऱ्हाणं लोकलच्या गर्दीचा विचार करणाऱ्या टेबलावर जातं. तिथे आमचा माणूस बसला नाही तर आमची आठवण कोणाला व्हावी? जिल्ह्यातही कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती आहे. नाना तिला 'चहा समिती' म्हणतात. पण नाना, तिथे मांडलेला विषय इतिवृत्तात नोंदवला जातो आणि पुढच्या बैठकीत 'काय कार्यवाही झाली' हे विचारता येतं. फोटोला असं काही विचारता येत नाही.

आणि मग ते दुखणं, 'उर्वरित महाराष्ट्र'. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, पुढे १९९४ मध्ये विकास मंडळं झाली : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. त्या 'उर्वरित' मध्ये मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि त्यांच्याबरोबर आम्ही! २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे, ज्याला २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, त्याची सरासरी पुण्याबरोबर. विदर्भातल्या संघटनांनी अनुशेषाचा आकडा तोंडपाठ केला. आम्हाला आमचा आकडाच वेगळा मिळाला नाही. याउलट उद्योगांच्या वीजदरातली सवलत १ एप्रिल २०१६ पासून आली तेव्हा विदर्भ, मराठवाड्याशेजारी 'उत्तर महाराष्ट्र' असा स्वतंत्र शब्द होता. आम्ही नावाने होतो म्हणून मिळालो. त्या मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर संपली. पुन्हा कधी असं काही उभं राहिलं तर खान्देशाची गणती कुठे करायची, हे आधी लिहून ठेवायला हवं.

एलबीटीच्या काळात, २०१३ मध्ये, राज्यभर व्यापाऱ्यांचं मोठं आंदोलन झालं. तो कर महापालिकांचा. नंदुरबार जिल्ह्यात आजही महापालिका नाही. मोठ्या शहरांचा प्रश्न हाच राज्याचा प्रश्न ठरतो, त्याला चेंबरचा दोष म्हणत नाही मी. जो मीटिंगला हजर असतो त्याचा विषय अजेंड्यावर येतो, इतकं साधं आहे ते. रात्रभर प्रवास करून जाणाऱ्याचा विषय सहसा शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये.

आता नानांना न आवडणारं. व्यापारी संघटना म्हणजे जिल्हा नव्हे. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळ-भाजीची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. माझ्या मते सरकारचं बरोबर होतं. त्या वेळी 'बाजारपेठ वाचवा' असं म्हटलं गेलं, पण बाजारपेठेत शेतकरीही असतोच ना? संघटनेने आपल्या सभासदांचं हित मागावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते जिल्ह्याच्या नावाने मागताना खर्च कोणाच्या माथी पडणार तेही त्याच कागदावर लिहावं. छपराखालच्या वाळवणाचा अहवाल होणार असेल तर मजुरीवर काय परिणाम होईल, ड्रायर आला तर किती हात कमी लागतील, हे त्या बायकांना विचारल्याशिवाय कसं लिहिणार?

हे सगळं मी नानांना फोनवर ऐकवलं. आधी म्हणाले, "तुम्हा पुण्याच्या लोकांना बोलायला काय जातं?" (मी जन्माने नंदुरबारची आहे हे ते सोयीने विसरतात.) मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन. बेदाण्याच्या परिपत्रकाची प्रत पाठव म्हणाले, मिरचीचं पत्र हंगामाच्या आधी चेंबरकडे जाईल असं बघतो म्हणाले. प्रत पाठवली आहे. समूह योजनेच्या अहवालासाठी पाच-सहा जण पैसे काढायला तयार आहेत, असंही कळलं.

पथारीवरच्या बायकांपैकी कोणाला बैठकीला बोलवायचं, यावर मात्र नाना अजून काही बोललेले नाहीत.