हिंगोलीच्या डोक्यावरचा हिरवा

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून भारतीय भूचुंबकत्व संस्थेने वर्षानुवर्षे एअरग्लोची निरीक्षणे घेतली आहेत. तिथून हिंगोली सरळ रेषेत साधारण ४५० किलोमीटर. ऑक्सिजनची ६३०.० नॅनोमीटरची लाल रेषा सुमारे २५० किलोमीटर उंचीवरून येते. त्यामुळे हिंगोलीवरचा लाल थर कोल्हापूरच्या ऑल-स्काय कॅमेऱ्याला ईशान्येकडे, क्षितिजापासून २७ अंशांवर सापडतो. तिरक्या नजरेमुळे तो जवळपास दुप्पट जाड भासतो, पण सापडतो. ५५७.७ ची हिरवी रेषा ९७ किलोमीटरवरून येते. हिंगोलीवरचा तो थर कोल्हापुरातून जेमतेम १० अंशांवर, म्हणजे धुरळ्यात आणि शहराच्या उजेडात बुडालेला.

म्हणून हिंगोली जिल्ह्यात एक फोटोमीटर हवा, आणि तो लवकर हवा.

घाई दिव्यांची आहे. टिल्टिंग फोटोमीटरचे काम आपण रोज करतो: फिल्टर कलता केला की त्याची खिडकी लघु तरंगलांबीकडे सरकते, रेषेशेजारची पार्श्वभूमी मोजता येते, ती वजा करायची. सोडियमच्या दिव्यांचा उजेड बराचसा ठरावीक पट्ट्यांत असे, त्यांना चुकवता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेड हिरव्यापासून लालपर्यंत सलग पसरतो, दोन्ही रेषांखालून जातो. वजाबाकी तरीही करता येते, पण मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून उरलेल्या थोड्या रॅलेवर भरवसा किती ठेवायचा? कयाधूकाठच्या गावांत अजून अंधार आहे तोवर आधाररेषा घेऊन ठेवली पाहिजे.

जो कोणी हे काम हाती घेईल त्याने फिल्टरच्या तापमानाची नोंद प्रत्येक वाचनाशेजारी लिहावी. मराठवाड्यात जानेवारीची पहाट आणि एप्रिलची रात्र यांत फार अंतर असते आणि तापला की फिल्टर लांब तरंगलांबीकडे सरकतो. पहाटे घुमटावर दव धरते. पुसले त्या मिनिटाचीही नोंद हवी, नाहीतर चढलेला आलेख वरच्या थरातली घडामोड म्हणून छापला जातो.

आणि निष्कर्षात सरसकट ‘ऑक्सिजन वाढला’ लिहू नये. हिरवी रेषा अणुरूप ऑक्सिजनच्या एकत्र येण्यातून उजळते. लाल रेषा ऑक्सिजन रेणूचा आयन इलेक्ट्रॉनला भेटून फुटतो तेव्हा उमटते. आयनांबराचा थर नुसता खाली सरकला तरी ती वाढते. थराची उंची कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. एकाच लाल पट्ट्याकडे कोल्हापूर आणि हिंगोली एकाच मिनिटाला पाहतील, तर ती उंची त्रिकोणातून काढता येईल.